पुन्हा एकदा हजेरी

प्रथम वर्षाच्या वर्गात मी पहिल्यांदा पाऊल ठेवले, तेव्हा पुढच्या बाकावरची चार मुले चटकन उठून उभी राहिली. नव्या बाई आल्या, असे त्यांना वाटले! मी मान खाली घालून शेवटच्या बाकाकडे गेले आणि मग वर्गात जी खसखस पिकली, ती अजून माझ्या कानांत आहे. थोड्या वेळाने खरोखरचे सर आले, त्यांनी हजेरी घेतली. माझे नाव आले, तेव्हा ‘हजर’ हा तीन अक्षरी शब्द माझ्या तोंडून फुटेना. सरांनी दुसऱ्यांदा नाव उच्चारले. मी हजर होते. पण हजर व्हायला मला दहा वर्षे लागली होती.

मी पाचगणीची. आमच्या गावाचा परिचय टेबल लँडवरून करून देण्याची रीत आहे, मीही तसाच करते. कारण त्या पठारावरच आमचे घर चालत होते. वडिलांचा एक घोडा होता. पर्यटकांना फेरी मारून आणायची आणि संध्याकाळी चार पैसे आईच्या हातावर ठेवायचे. २०१४ च्या पावसाळ्यात वडील गेले. मी तेव्हा बारावी विज्ञानला होते. पंधरा दिवसांत घोडा विकला. रिकाम्या तबेल्यात दोन दिवस त्याचा वास राहिला, मग तोही गेला. मी कॉलेज सोडले. धाकटा भाऊ सातवीत होता.

आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात रोजाने फळे तोडली होती. स्वतःचे पीक तिने कधी घेतले नव्हते. चुलत्यांची खिंगरला दहा गुंठे जमीन पडून होती. ती वाट्याने घेऊन आपण स्ट्रॉबेरी लावायची, असे तिने एका रात्री जाहीर केले. मी घाबरले. “आई, आपल्याला जमेल का गं?” आई भाकरी थापता थापता म्हणाली, “लावून तर बघू. न्हाईच आलं तर रोपं मरतील. आपण न्हाई मरत.”

आणि खरोखरच रोपे मेली! ऑक्टोबरात गादीवाफे करून आम्ही लागवड केली. पण घाईत रोपांचा गाभा मातीखाली गेला. स्ट्रॉबेरीचा गाभा मातीच्या बरोबरीने उघडा राहावा लागतो, नाहीतर तो कुजतो. फळे तोडणाऱ्या मजूर बाईला हे कोण सांगणार? निम्मा वाफा गेला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मळेवाल्यांकडून उधार रोपे घेऊन ती पुन्हा वाफ्यावर बसली. या खेपेस प्रत्येक रोप लावल्यावर बोटाने गाभा चाचपून पाहात होती. जानेवारीत पहिली परडी भरली, तेव्हा ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

माझ्या मनात त्या वेळी एक खूणगाठ बसली. धैर्य आधी येते आणि मग माणूस पाऊल उचलतो, असे आपण निबंधांत लिहितो. आईकडे लागवडीच्या वेळी धैर्य नव्हते, नाइलाज होता. धैर्य आले ते दुसऱ्या लागवडीच्या वेळी, रोपे मेल्यानंतर.

पण आईचे ते धैर्य माझ्या अंगी मात्र उतरले नाही. ४ मे २०१७ रोजी आमच्या शेजारचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या आणि खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. पंचवीस ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तके! अनोळखी माणसाने घरात यावे, बसावे, वाचावे आणि जावे. एका रविवारी मी गेले. एका घरात पुस्तक घेऊन बसले ती दिवेलागणीपर्यंत. घरच्या आजींनी न विचारता चहा ठेवला आणि म्हणाल्या, “शिकतेस का, बाळ?” मी पटकन ‘हो’ म्हटले. ते खोटे होते. परतताना रस्ताभर तो ‘हो’ पायात काट्यासारखा सलत होता.

तरीही मी आणखी सहा वर्षे घालवली. भावाचे शिक्षण आहे, मळा आहे, आईला मदत कोण करणार, अशी कारणे मी सांगत असे. सारी खरी होती, म्हणूनच ती फार सोयीची होती. मग भावाला नोकरी लागली आणि मला लपायला जागा उरली नाही. त्याच वर्षी बारावीला बाहेरून बसण्यासाठी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला, या वेळी कला शाखेचा. पहाटे मळ्यात फळे तोडायची आणि दुपारी इतिहास वाचायचा. पास झाले.

आता रोज सकाळी एस.टी.ने पसरणी घाट उतरून मी वाईला येते. खिडकीतून सिल्व्हर ओकची उंच झाडे मागे पडताना दिसतात. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले. आमची स्ट्रॉबेरीही बाहेरूनच आलेली. जॉन चेसन हा इंग्रज गृहस्थ १८६० च्या दशकात येथे स्थिरावला आणि त्याने हे गाव वसवले. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते, तरी माणसे आशेने घाट चढून येत. जून महिन्यात बोर्डिंगची लहान लहान मुले ट्रंक घेऊन येतात, पहिली रात्र रडून काढतात. झांझिबारहून आलेला आठ वर्षांचा फारुख बलसारा असाच येथील सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला होता. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने त्याचे गाणे ऐकले. पाचगणीच मुळी नव्याने रुजणाऱ्यांचे गाव! मी तेथे जन्मले, पण गावाकडून ही गोष्ट शिकायला मला उशीर झाला.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी परीक्षेत नापास झाले असेल, कुणाची शाखा चुकली असेल, कुणाच्या घरावर अवेळी संकट आले असेल. मी उपदेश करणार नाही; तेवढी माझी योग्यता नाही. फक्त आईने वाफ्यावर सांगितले, ते सांगते. रोप फार खोल लावू नये. भीतीपायी आपण स्वतःला फार खोल पुरून घेतो आणि मग आतून कुजत जातो. गाभा उघडा ठेवावा. त्याला ऊन लागेल, थंडी लागेल, कुणी हसेलसुद्धा.

आता हजेरीत माझे नाव आले की मी मोठ्याने ‘हजर’ म्हणते. पुढच्या बाकावरची ती चार मुले अजूनही मला चिडवायला ‘बाई’ म्हणतात. परवा त्यांतल्या एकीने इतिहासाची वही मागितली. मी दिली, वर परडीभर स्ट्रॉबेरीही दिली.

(द्वितीय वर्ष, कला)