डब्याची फाईल आणि आठ दिवसांची पिल्लं

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे पाहुणे म्हणाले, "म्हणजे सरकार तुम्हाला मासे पाळायचा पगार देतं?" मी हसून जिलेबी मागून घेतली. पण पैसा तुमच्या-आमच्या कराचा आहे, तेव्हा उत्तर द्यायला हवं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी कंत्राटावर आहे. काम एकच, झेब्राफिश सांभाळणं. अंगावर निळे पट्टे, लांबी जेमतेम ३-४ सेंटिमीटर. नाव इंग्रजी असलं तरी मासा आपलाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. १८२२ मध्ये हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. कारण त्याचं अंडं काचेसारखं पारदर्शक असतं, एका दिवसात आतलं हृदय धडधडताना दिसतं. माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांशी नातं सांगणारी जनुकं त्याच्यात आहेत, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि या माशाच्या हृदयाचा तुकडा कापला तरी दोनेक महिन्यांत ते पुन्हा भरून येतं. आपलं येत नाही. का येत नाही, हे कळलं तर हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या कामाचं आहे.

आता माझं काम. पाणी २८ अंशांच्या आसपास, १४ तास उजेड, १० तास अंधार. सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात. पिल्लू दोन-तीन दिवसांत बाहेर येतं आणि पाचव्या दिवसापर्यंत पोटातल्या बलकावर जगतं. तिथून पुढे माझी जबाबदारी. आधी पॅरामेशियम, मग आर्टेमिया. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक जीव. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दुसऱ्या दिवशी फुटतात. हवा बंद करायची, टरफलं वर येतात, जिवंत जीव खाली उजेडाकडे गोळा होतात. ते गाळायचे, गोड्या पाण्यात धुवायचे आणि लगेच खायला घालायचे. पिल्लाचं पोट भरलं की बाहेरून केशरी दिसतं. ते केशरी पोट बघितल्याशिवाय मी घरी जात नाही. दिवाळी असो, गणपती असो.

गेल्या पावसाळ्यात डबा संपत आला. मागणी वेळेत दिली होती. फाईल गेली, परत आली. कोटेशनची मुदत संपली होती. पुन्हा गेली, पुन्हा आली. एक सही राहिली होती. उरलेल्या डब्याला ओल लागली होती, दहातलं एक अंडं फुटेना. टाकीत आठ दिवसांची साठ पिल्लं होती. पीएचडी करणाऱ्या एका मुलीने दोन वर्षं खपून तयार केलेल्या वाणाची. ती काचेला नाक लावून म्हणाली, "काका, पोटं रिकामी दिसतायत."

पॅरामेशियम पुरवून पुरवून दिलं. उकडलेल्या अंड्याचा बलक दिला, तर संध्याकाळपर्यंत पाणी नासलं. चौथ्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने ॲक्वेरियमच्या दुकानातून पुडी आणली. पहिल्याच दिवशी आणायला हवी होती. "उद्या येईल" यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. साठातली अकरा वाचली. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती मोजत राहिली. डबा नवव्या दिवशी आला. किंमत काही हजार रुपये.

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली. चांगलं झालं, मनापासून म्हणतो. पण मर्यादा वाढली म्हणून टेबलावरची फाईल आपोआप सरकत नाही. आणि ज्याच्या हातून रोज खाणं पडतं, त्याचं कंत्राट प्रकल्पाबरोबर संपतं. नवा माणूस येतो, पहिले दोन महिने शिकण्यात जातात, तोवर एखादा वाण हातचा जातो. मशीन विकत घेता येतं, पण गेलेला वाण पुन्हा उभा करायला वर्षं लागतात.

आपण संशोधनावर बोलतो तेव्हा कोटींच्या घोषणांवर बोलतो. मला विचाराल तर दोनच गोष्टी मागतो. जिवंत प्राण्यांच्या खाण्याची खरेदी वेगळ्या रांगेत ठेवा, आणि त्यांना सांभाळणाऱ्याला प्रकल्पापेक्षा मोठी मुदत द्या. पोट पाचव्या दिवशी रिकामं होतं. त्याला सहीची वाट बघता येत नाही.

वाचलेल्या अकरांपैकी सात मोठे झाले. गेल्या आठवड्यात एका जोडीने अंडी दिली. त्या मुलीने सकाळी साडेआठला फोन केला, "काका, लवकर या."

पाहुणे, हा त्या पगाराचा हिशोब.