चलन, पार्टी आणि हायबरनेट

शिरूरला बीसीएस करताना जावा आणि डेटाबेस हे दोन वेगळे पेपर होते. दोन्हींची गाठ पडली ती कारेगावला नोकरीसाठी खोली घेतल्यावर. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आवक मालाची नोंद वहीत व्हायची. ती कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्या लहानशा गटाकडे आलं.

सुरुवातीला जावातच एसक्यूएल लिहायचो. मालासोबत येणाऱ्या एका चलनासाठी लांबलचक इन्सर्ट, त्यात प्रश्नचिन्हं, आणि कुठल्या प्रश्नचिन्हात कुठली किंमत जाते हे मोजत बसायचं. एखादा कॉलम वाढला की दहा जागी हात घालावा लागे. तेव्हा गटातल्या एका सीनियरने हायबरनेट दाखवलं.

टेबलांचा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यात ओळी असतात आणि त्या एकमेकींना किल्ल्यांनी जोडलेल्या असतात. जावात मात्र चलन ही वस्तू असते आणि तिच्या पोटातच आयटमची यादी असते. या दोन मांडण्या जुळवण्याचं काम ओआरएम करतं. हायबरनेट हे असंच एक ओआरएम. गॅव्हिन किंग यांनी ते २००१मध्ये सुरू केलं, आणि २००६मध्ये जेपीए हे जावाचं प्रमाण आल्यावर ही पद्धत त्यात बसली. जावातल्या वर्गावर (क्लासवर) एंटिटी अशी खूण करायची, कुठलं नातं एकाचं अनेकांशी आहे ते सांगायचं. इन्सर्ट, अपडेट हायबरनेट स्वतः तयार करतं.

पण नातं कसं आहे हे त्याला कोण सांगणार? एका वस्तूवर केलेली क्रिया तिच्याशी जोडलेल्या वस्तूंवरही लागू करायची, याला कॅस्केड म्हणतात. त्याचा धडा मला कारखान्यातल्या स्टोअरकीपर काकांनी दिला. चलन रद्द केलं तर सोबत काय काय जाईल, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आयटम जातीलच की. पण चलन रद्द झालं म्हणून पार्टी रद्द होती का, ताई?" पार्टी म्हणजे माल पाठवणारा. झालं, चलनाकडून आयटमकडे कॅस्केड लावला, पार्टीकडे नाही.

दुसरी शिकवण लॉगची. हायबरनेटला एसक्यूएल छापायला सांगता येतं. चलनांची यादी आणि प्रत्येकापुढे किती आयटम, एवढाच पडदा होता; पण लॉगमध्ये आधी यादीची एक क्वेरी आणि मग प्रत्येक चलनामागे आणखी एक. शंभर चलनं असतील तर १०१ क्वेऱ्या. कारण आयटमची यादी गरज पडेपर्यंत आणायचीच नाही, अशी हायबरनेटची मूळ सवय. एकाच चलनाच्या पडद्यावर ती सोयीची, यादीच्या पडद्यावर महाग. तिथे जॉइन फेच लिहिलं, म्हणजे आयटमही यादीसोबतच आणायला सांगितलं, की एका क्वेरीत काम होतं.

आणि एकच चलन एकाच वेळी दोघांनी उघडलं तर? गेटवरचा गाडी नंबर दुरुस्त करतो, स्टोअरमधला संख्या. जो नंतर सेव्ह करेल तो पहिल्याची दुरुस्ती पुसून टाकेल. त्यासाठी व्हर्जनचा एक कॉलम ठेवतात. अपडेट करताना हायबरनेट आपण वाचलेला व्हर्जन अजून तोच आहे का, हेही अटीत घालतं. मध्ये कुणी बदल केला असेल तर एकही ओळ बदलत नाही आणि एरर येते. ती एरर माणसाला कळेल अशा मराठीत दाखवणं मात्र आपलं काम: "हे चलन आत्ताच दुसऱ्याने बदललं आहे, पुन्हा उघडा."

आता गटात नवीन मुलं येतात. त्यांना मी आधी चलन, आयटम आणि पार्टी यांची टेबलं आणि जॉइन हाताने लिहायला लावते, एंटिटी त्यानंतर. हायबरनेटने क्वेरी लिहिण्याचे कष्ट वाचतात, ती समजून घेण्याचे वाचत नाहीत. मुलं आधी कुरकुरतात. लॉग वाचायला लागली की प्रश्न विचारू लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आणायला मी त्यांना स्टोअरमध्ये पाठवते.