कट्टा कोणाचा?

शिवाजी पार्कला राहतो म्हटलं की समोरचा हमखास फ्लॅटचा भाव विचारतो. भाव राहू द्या. इथलं खरं वैभव म्हणजे मैदानाला वेढा घालणारा बुटका कट्टा, आणि त्यावर टेकायला पैसा पडत नाही. पहाटे तो फेऱ्या मारणाऱ्यांचा, भर दुपारी प्रेमिकांचा, संध्याकाळी पेन्शनरांचा. पेन्शनरांच्या जागा ठरलेल्या. तिथे कुणी नवखा बसलाच तर त्याला शब्दानंही कुणी दुखवत नाही; फक्त दोन्ही बाजूंनी इतके खेटून बसतात की गडी आपसूक उठतो!

१९२५मध्ये मैदान खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. दोनच वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं, त्याला शिवरायांचं नाव मिळालं. भोवतीच्या आर्ट डेको इमारतींच्या गोलसर गॅलऱ्या आता एकेक करून टॉवरच्या पोटात जाताहेत. मैदान मात्र अजून जवळपास अठ्ठावीस एकर मोकळं आहे. एकाच वेळी डझनभर सामने चाललेले असतात. एकाचा मिडऑन दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा. आचरेकर सरांच्या तालमीत सचिन घडला तो याच लाल मातीत.

ती माती उन्हाळ्यात घराघरात शिरते. पुसलेली खिडकी तासाभरात पुन्हा तांबूस. त्यात सभा, मेळावे, लाऊडस्पीकर. शेजारीपाजारी वैतागतात, मीही वैतागतो. पण दादर स्टेशन हाकेच्या अंतरावर, पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे तिथे भेटतात, २०२५पासून भुयारी मेट्रोही आली. माणसं येणारच. डोंबिवलीचा पोरगा किटबॅग खांद्याला लावून पहाटेच्या लोकलनं येतो, तेव्हा आमच्यातले निम्मे झोपेत असतात.

सहा डिसेंबरला तर नांदेड-नागपूरकडून लाखो लोक येतात, मैदानात मुक्काम करतात, पुस्तकांच्या स्टॉलवर तासन्‌तास रेंगाळतात आणि समुद्राकाठी चैत्यभूमीवर रांगेनं माथा टेकतात. १९५६ साली बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते तिथेच. त्या दोन-तीन दिवसांसाठी दारं लावून गावाला निघून जाणारेही इथे आहेत. खुशाल जावं. मैदान सोसायटीच्या आवारात मोडत नाही. ज्याला गर्दीच नको, त्यानं पार्कात घर घेऊ नये.