वाटीभर आमटी

सध्या माझी पाळी डायलिसिसच्या वॉर्डात आहे. एम.एस्सी. झालं तरी इंडियन डायेटेटिक असोसिएशनच्या आर.डी. (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेआधी रुग्णालयात ६ महिने अनुभवी आहारतज्ज्ञांच्या हाताखाली काढावे लागतात, आणि ते योग्यच आहे असं मला रोज वाटतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. पण कुणाच्या घरची आमटी किती पातळ, हे तिथून कसं कळणार?

आज एका आजींना कालच्या दिवसभराचं खाणं विचारत होते. "वाटीभर आमटी," म्हणाल्या. मी वेगवेगळ्या मापांच्या स्टीलच्या वाट्या पुढे ठेवल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन तळ चाचपला आणि सगळ्यात लहान वाटी बाजूला सारली. "हिच्यात नातवाला भरवते मी." मी ज्यांच्या हाताखाली शिकते त्या मॅडम मागेच उभ्या होत्या, मध्ये बोलल्या नाहीत.

पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकून द्यायचं. शहाळं बंद. डायलिसिस सुरू असल्यामुळे प्रथिनं मात्र वाढवायची. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "सून माझ्यासाठी वेगळं शिजवेल का गं?"

त्या प्रश्नापाशी मी अजून अडकून आहे. फॉर्मवर वजन, क्रिएटिनिन, कॅलरी यांना रकाने आहेत. घरात आजींचा शब्द किती चालतो, याला नाही. सुनेला भेटायला बोलावता येईल का, हे उद्या मॅडमना विचारणार आहे. आजींचं पुढचं डायलिसिस सोमवारी आहे.