रिकामें पान

‘नाहीं’ या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सोपा नाहीं. मुलगा वर्गांत गैरहजर असणें निराळें, आणि हजेरीपटांत त्याचें नांवच नसणें निराळें. पहिल्या ठिकाणीं जागा आहे, माणूस नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं जागाही नाहीं. या भेदावर केवढा अनर्थ अवलंबून असतो, हें सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या माझ्या चुलत नातवाशीं बोलतांना ध्यानांत आलें.

संगणकाची कार्यप्रणाली एखादा प्रोग्रॅम सुरू करते, तेव्हां त्याच्या हातीं शब्दांची एक यादी देते. रूढीप्रमाणें पहिला शब्द म्हणजे त्या प्रोग्रॅमचें स्वतःचें नांव. पुढील शब्द म्हणजे कामाच्या सूचना. यादीच्या अखेरीस समाप्तीची खूण असते, आणि तिला लागूनच भोवतालच्या परिस्थितीची माहिती देणारी दुसरी यादी.

दोन पंगती एकापुढें एक मांडल्या आहेत, असें समजावें. पहिलें पान यजमानाचें, म्हणून वाढपी दुसऱ्या पानापासून वाढूं लागतो. परंतु एखादे दिवशीं यजमानाचेंही पान मांडलें नाहीं, तर तेथें नुसती समाप्तीची खूण उरते. वाढपी संवयीनें ती एक जागा सोडतो आणि परक्या पंगतींत वाढूं लागतो!

लिनक्समधील ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रॅमांत नेमकें हेंच होत होतें. परवानगी असलेल्या माणसास व्यवस्थापकाच्या अधिकारानें काम करूं देणें, हें त्याचें कर्तव्य. पण मुद्दाम रिकामी यादी देऊन कोणीही साधा वापरणारा त्या यंत्राचा सर्वाधिकारी होऊं शके. हा दोष २००९ सालापासूनचा. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनीं तो २५ जानेवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध केला.

यावर उपाय दोन. ओपनबीएसडी ही प्रणाली रिकामी यादी घेऊन येणाऱ्यास दारांतूनच परत पाठविते. लिनक्समध्यें तसें केल्यास कांहीं जुने प्रोग्रॅम अडले असते. म्हणून २०२२ मधील ५.१८ या आवृत्तीपासून अशा यादींत एक रिकामा शब्द ठेवला जातो. त्यांत अक्षर एकही नाहीं, पण गणना एक.

संस्कृत शिकलेल्यास यांत नवल वाटूं नये. पाणिनीचा क्विप् प्रत्यय असाच आहे. त्याचें एकही अक्षर शिल्लक राहत नाहीं, तरी ‘अग्निचित्’ या शब्दांतील अखेरचा तकार त्याच्याच बळावर येतो. प्रत्यय लोपला तरी त्याचें कार्य राहतें, हा दंडक पाणिनीनेंच घालून दिला आहे. भास्करशास्त्री अभ्यंकरांच्या व्याकरणपरंपरेनें गाजलेल्या साताऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

मला दुसराच उपाय अधिक शहाणपणाचा वाटतो. जुन्यांस न दुखवितां तो घराचें रक्षण करतो. मात्र त्यावर विसंबून वाढप्यानें डोळे मिटूं नयेत. रूढि म्हणजे नियम नव्हे. ती कोणी मोडणारच नाहीं, असें धरून चालणें धोक्याचें. घरांतील जीं मुलें प्रोग्रॅम लिहितात, त्यांनीं वाढण्यापूर्वीं पानें मोजावीं, एवढेंच सांगणें.