गॅस है, मामू

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या तालुक्याच्या गावात पहाटेची चाल बदलते. फजरची नमाज पढून लोक घराकडे वळतात, तेव्हा शाळेच्या मैदानाकडे पोरांची रांग लागलेली असते. गॅरेजवाल्याचा मुलगा, बागवानाचा पुतण्या, विडी वळणाऱ्या बाईचा नातू. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं आणि त्याला २० गुण असतात. बहिणीचं लग्न, अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन, गळणारं छप्पर, सगळं या वीस गुणांवर टांगलेलं.

माझा भाचा त्यांतलाच. वय एकवीस, अंगाने सडपातळ, पान नाही, तंबाखू नाही. गेल्या थंडीत तिसऱ्या फेरीला त्याची छाती आवळल्यासारखी दुखू लागली. पोराने तीन आठवडे तोंड उघडलं नाही. त्याच्या अम्मीला उशीखाली मलमाची ट्यूब सापडली, तेव्हा मला बोलावणं आलं. विचारलं तर म्हणाला, "कुछ नै मामू, गॅस है." बऱ्याच वेळाने खरं बाहेर पडलं, "डॉक्टर कागज पे कुछ लिखा तो भरती का क्या?"

त्याला घेऊन मी एका जाणत्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी कानाला लावण्याआधी प्रश्नच फार विचारले. दुखतं कुठे, एका बोटाने दाखव. दाबलं की दुखतं का? धावताना दुखतं की थांबल्यावर? खोकला येतो का? मग आम्हाला समजेल अशा भाषेत ते बोलू लागले.

या वयात धावताना छातीत दुखण्याचं कारण बहुतेक वेळा हृदयाबाहेरच असतं. नव्याने धावायला लागलेल्याच्या बरगडीखाली चमक भरते. दंड-बैठका जास्त झाल्या की बरगड्यांमधले स्नायू ताणतात, बरगड्यांच्या सांध्याला सूज येते. हे दुखणं बोटाने दाबलं की बहुधा सापडतं. चहा-खारी खाऊन किंवा रमजानमध्ये सहेरी उरकून लगेच धावलं, तर पोटातलं आम्ल वर चढून छातीत जळजळतं. थंड हवा आणि मैदानाची धूळ यांनी श्वासनळ्या आवळतात, छाती भरून येते, थांबल्यावरही काही मिनिटं खोकला सुटत नाही. क्वचित उंच, किडकिडीत मुलाच्या फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साठते. अचानक एका बाजूला कळ आणि धाप, असं झालं तर तडक दवाखाना गाठायचा.

आणि थोड्यांचं खरोखर हृदयाचं असतं. हृदयाचा स्नायू जाड असण्याचा आनुवंशिक दोष साधारण ५०० माणसांत एकाला असतो. कुणाच्या हृदयाला रक्त पुरवणारी धमनीच जन्मतः भलत्या जागेहून निघालेली असते. कुणाला तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तो अंगात कणकण असतानाच धावतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २००३ साली ल्यों शहरात भर सामन्यात कोसळून गेला. वय अवघं २८. त्याचंही हृदय असंच जाड निघालं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?" माझ्या बहिणीने मान खाली घातली. पोराचा सख्खा चाचा तिसाव्या वर्षी शेतात काम करता करता गेला होता. 'ऊन लागलं' एवढंच घरात बोललं जायचं. डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजी काढला आणि हृदयाची सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस बहिणीच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

हृदय ठीक निघालं. दमा होता, धावल्यावर उठणारा. धावण्याआधी घ्यायचा पंप मिळाला आणि तोंडाला रुमाल बांधून पोरगं पुन्हा धावू लागलं. घरच्यांना सांगितलं तर भरती जाईल, या भीतीने ते मात्र तीन आठवडे एकटंच दुखणं सोसत होतं.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची आहे. आपल्या भरतीत वैद्यकीय तपासणी येते ती निवड झाल्यावर. धावणं त्याआधीच उरकलेलं असतं. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत काही तरुण धावताना कोसळून दगावले. तेव्हा अंतर ५ किलोमीटर होतं. पुढे ते कमी करण्यात आलं.

कायदा होईल तेव्हा होवो, घरात विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. धावताना चक्कर येऊन पडलास का? छातीवर दगड ठेवल्यासारखं होऊन थांबल्यावर हलकं वाटतं का? धडधड वाढून डोळ्यांपुढे अंधार येतो का? यातल्या एकालाही 'हो' आलं, तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत धावणं बंद. पोरांना धावायला शिकवणाऱ्या उस्तादांनीही इतकं शिकून घ्यावं: मुलगा कोसळला, हाक मारून उठेना, श्वास नीट चालेना, तर तोंडावर पाणी मारत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावं, मदत येईपर्यंत. २०२१ साली कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा एरिक्सन अशाच हातांनी आणि विजेच्या झटक्याने वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळला.

भरती पुन्हा निघते. पोराने 'गॅस है' म्हटलं की घरातल्या मोठ्यांनी त्याच्याजवळ बसावं आणि विचारावं, "बेटा, बोटाने दाखव, कुठे दुखतं?"