आईचं गाडगं

आमचं गाव कोकणातल्या डोंगरात. परळच्या चाळीत राहायला आली तरी आई दर मे महिन्यात गावी जाई, ती पेरणीसाठी. वेलावरचा सर्वांत चांगला दुधी ती खुडू देत नसे, तो बियाण्याचा. दुधी, पडवळ, वाल यांचं बी राखेत घोळून ती गाडग्यात ठेवी. मी बी.कॉम. झालेला कारकून. "बाजारात पुडी मिळते की," म्हणून हसायचो. आई गेली. तीन वर्षांनी गाडगं उघडलं, तर त्यातलं बी रुजेना.

पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्याविषयी वाचलं. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वाण जमवून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली, बचत गटांतल्या बायांना ते बी राखायला शिकवलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

ते वाचून मला माझ्या हसण्याची लाज वाटली. डोंगरातलं बी, पाणी, सरपण बायांनीच राखलं. सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव क्वचितच दिसतं. बंधू-भगिनींनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा आईजवळ, आजीजवळ वही घेऊन बसा. ती सांगेल ते लिहून घ्या.